शांतता राखा!

आमच्या होस्टेलच्या रीडिंग रूममध्ये भिंतीवर एक पाटी आहे, ‘शांतता राखा’. त्या पाटीखाली बसूनच आम्ही सगळ्यात जास्त गप्पा मारतो, ते जाऊ दे. पण मे २०२५ मधल्या त्या आठवड्यापासून ही पाटी दिसली की मला काहीतरी टोचतं. काय टोचतं ते सांगायला हा लेखप्रपंच. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे कुठे ऱ्हस्व-दीर्घाची गडबड झाली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

तर, ८ मे २०२५ ची रात्र. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली होती. त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा, आणि त्या सहांपैकी दोघे पुण्याचे. ७ मेच्या पहाटे ‘ऑपरेशन सिंदूर’ झालं. ८ तारखेला रात्री मेसच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर आम्ही तीस-चाळीस मुली. परीक्षा तोंडावर आलेली, पण पुस्तक एकीच्याही हातात नाही. एक चॅनल म्हणतंय कराची बंदर उद्ध्वस्त, दुसरं म्हणतंय आणखी काही. (यातलं बरंचसं खोटं होतं, ते दुसऱ्या दिवशी कळलं.) प्रत्येक बातमीला टाळ्या आणि शिट्ट्या, अगदी वर्ल्ड कपच्या फायनलसारख्या. मीही वाजवल्या. उगाच खोटं कशाला बोलू?

त्याच वेळी घरून मेसेज आला की रोममध्ये पांढरा धूर निघाला, नवे पोप निवडले गेले. मी कोपऱ्यात सरकून मोबाईलवर बघायला लागले. तासाभराने लिओ चौदावे बाल्कनीत आले आणि त्यांनी जगाला पहिली शुभेच्छा दिली ती शांतीची. हातातल्या छोट्या स्क्रीनवर हे, आणि समोरच्या मोठ्या स्क्रीनवर ते! शेजारच्या मैत्रिणीने माझ्या मोबाईलमध्ये डोकावलं आणि हसत म्हणाली, “तुमचं बरंय बाई. एका गालात मारली की दुसरा पुढे करायचा. आम्हाला नाही जमणार. आम्ही शिवनेरीच्या मुलखातली माणसं!”

सगळ्या हसल्या. मीही हसले. उत्तर मात्र सुचलं नाही. आमची सबमिशन्स जशी उशिरा होतात, तसंच हे उत्तरही उशिरा देतेय.

आधी थोडी ओळख. मी श्रीरामपूरकडची, मराठी कॅथलिक. आमच्या घरी ज्वारीची भाकरी असते, दिवाळीला शेजारून फराळाचं ताट येतं, आणि सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाऊलीची यात्रा चुकत नाही. माझा मामेभाऊ सैन्यात आहे, आणि मेमध्ये तो जम्मूकडे होता. त्या आठवड्यात त्याचा फोन दोन दिवस लागत नव्हता. मी मामीला फोन केला, तर ती म्हणाली, “टीव्ही बंद करून ठेवलाय बाई. लोक टाळ्या वाजवतात ना, माझ्या पोटात गोळा येतो.” मी काहीच बोलले नाही. कारण आदल्या रात्री टाळ्या वाजवणाऱ्यांत मीच होते.

म्हणजे बघा, मी दोन्हीकडे आहे. माझा भाऊ बंदूक घेऊन उभा आहे आणि माझा धर्म शांती शिकवतो. यातला एक खोटा मानावा लागेल की काय, असं मला वाटायला लागलं होतं. म्हणून परीक्षा संपल्यावर सुट्टीत मी जरा वाचलं, आमच्या शाळेतल्या एका वयस्कर सिस्टरांना जाऊन भेटले. जे समजलं ते सांगते.

पहिली गोष्ट दुसऱ्या गालाची. सगळ्यांना एवढंच माहीत असतं. पण बायबलमध्ये पुढे असाही प्रसंग आहे की येशूला पकडून नेल्यावर एका शिपायाने त्याला थप्पड मारली. तेव्हा येशूने मुकाट्याने दुसरा गाल पुढे केला नाही. माझं काय चुकलं ते सांग, आणि चुकलं नसेल तर मला का मारलंस, असं त्याने विचारलं. उलट हात उचलला नाही, पण तो गप्पही बसला नाही. सिस्टर म्हणाल्या, “तुम्ही मुलं शांती आणि शांतता यात गल्लत करता. शांतता म्हणजे आवाज नसणं. ती स्मशानातही असते.” मला आमच्या रीडिंग रूमची पाटीच आठवली!

दुसरी गोष्ट म्हणजे कॅथलिक चर्च सैनिकाला पापी मानत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा एक मोठा दस्तऐवज ७ डिसेंबर १९६५ ला प्रसिद्ध झाला. त्यात म्हटलंय की देशसेवेसाठी सैन्यात असलेल्यांनी स्वतःला लोकांच्या सुरक्षिततेचे आणि स्वातंत्र्याचे सेवक समजावं, तसं वागले तर ते शांतीलाच हातभार लावतात. ज्याची सदसद्विवेकबुद्धी शस्त्र उचलायला तयार होत नाही, त्याचाही विचार कायद्याने माणुसकीने करावा, असंही त्यातच आहे. पण बचावासाठी युद्ध करायचं तर चार अटी घातल्या आहेत. समोरच्याने केलेलं नुकसान गंभीर, दीर्घकाळ टिकणारं आणि खात्रीचं असलं पाहिजे. बाकीचे सगळे उपाय थकलेले असले पाहिजेत. यशाची खरीखुरी शक्यता पाहिजे. आणि जे वाईट दूर करायचंय त्यापेक्षा मोठं वाईट आपल्या शस्त्रांनी घडता कामा नये. या चारही अटी एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात.

इंजिनिअरिंगवाल्यांना हे चटकन कळेल. आपण डिझाईन करताना चार चेक लावतो. तीन चेक पास झाले आणि एक फेल, तर ते डिझाईन सेफ म्हणून कुणी पास करत नाही. व्हायवाला सर विचारतात तसंच इथेही विचारायचं, चौथा चेक कुठाय?

आणि मैत्रिणीने शिवनेरीचं नाव घेतलं म्हणून सांगते. शिवाजी महाराजांचं १६७३ सालचं एक पत्र आहे, चिपळूणकडच्या छावणीतल्या आपल्याच अधिकाऱ्यांना लिहिलेलं. रयतेकडून धान्य, गवत, भाजी काहीही जबरदस्तीने घेऊ नका, बाजारातून विकत आणा, अशी त्यात सक्त ताकीद आहे. शत्रू समोर असतानाही आपल्या सैन्याला लगाम घालणारा राजा ज्या गडावर जन्मला, तो गड आपल्या इथून इतका जवळ आहे. नि:शस्त्र माणसाला हात लावायचा नाही हा नियम चर्चच्या शिकवणुकीत आहे, तसाच तो आपल्या मातीतही आहे. म्हणजे ‘आम्ही शिवनेरीच्या मुलखातली माणसं’ हे वाक्य खरं तर माझ्या बाजूचं आहे!

आता कुणी म्हणेल, पुस्तकातल्या अटी ठीक आहेत, पण अणुबॉम्बच्या जमान्यात त्यांचा उपयोग काय? गंमत म्हणजे चर्चचं मत याच प्रश्नाने बदलत गेलं. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये क्यूबावरून अमेरिका आणि रशिया अणुयुद्धाच्या काठावर आले होते. त्यानंतर सहाच महिन्यांनी, ११ एप्रिल १९६३ ला, पोप जॉन तेविसावे यांनी पृथ्वीवरच्या शांतीबद्दल एक पत्र काढलं. ते फक्त कॅथलिकांना नव्हे, सद्भावना असलेल्या सगळ्याच माणसांना उद्देशून होतं. १९६५ च्या दस्तऐवजात अख्खी शहरं बेचिराख करणाऱ्या युद्धकृत्यांचा सरळ धिक्कार केला गेला. आणि पोप फ्रान्सिस यांनी ३ ऑक्टोबर २०२० च्या पत्रात त्याच्याही पुढे जाऊन लिहिलं की आजची शस्त्रं बघता ‘न्याय्य युद्धा’चे जुने निकष लावणंच फार अवघड झालंय. भारत आणि पाकिस्तान दोघांकडेही अण्वस्त्रं आहेत. आमच्या मेसमध्ये त्या रात्री एकीला तरी हे आठवलं होतं का?

आणखी एक गोष्ट वाचून मी चाटच पडले. जगाच्या शांतीसाठीचं एक मोठं आवाहन आपल्या मुंबईतून झालंय! २ डिसेंबर १९६४ ला पोप सहावे पॉल एका आंतरराष्ट्रीय धर्मसंमेलनासाठी मुंबईत आले. भारतात पाय ठेवणारे ते पहिले पोप. ४ डिसेंबरला पत्रकारांना दिलेल्या संदेशात त्यांनी जगातल्या देशांना सांगितलं की शस्त्रांची स्पर्धा थांबवा, आणि तिच्यावरच्या खर्चाचा काही भाग गरीब देशांच्या विकासाच्या निधीत घाला. वेळ लक्षात घ्या. आपलं चीनशी युद्ध होऊन दोनच वर्षं झाली होती, ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने पहिली अणुचाचणी केली होती, आणि पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झालं. म्हणजे दोन युद्धांच्या मधोमध, मुंबईत, एक माणूस हे बोलत होता. ऐकलं किती जणांनी? फारसं कुणी नाही. १९६७ च्या पत्रात त्यांनी मुंबईतल्या त्या आवाहनाची पुन्हा आठवण करून दिली. तरीही फारसं कुणी नाही.

इथे आमच्या ग्रुपमधला एक मित्र (तो वादात जाम पक्का आहे) म्हणाला, “शांतीच्या गप्पा तुम्ही मारू नका. क्रुसेड कुणी केली? गोव्यातलं इन्क्विझिशन कुणाचं?” प्रश्न बरोबर आहे आणि मी तो टाळणार नाही. धर्माच्या नावाने युद्धं झाली. गोव्यात १५६० पासून अडीचशे वर्षं माणसांचा धर्मासाठी छळ झाला. म्हणूनच १२ मार्च २००० ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या लेकरांनी केलेल्या अशा पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली. पण त्याच क्रुसेडच्या काळात, १२१९ साली, असिसीचा फ्रान्सिस शस्त्राशिवाय इजिप्तच्या सुलतानाला भेटायला शत्रूच्या छावणीत गेला होता, तेही खरं. सुलतानाने त्याला सुखरूप परत पाठवलं. एकाच धर्मात दोन्ही तऱ्हेची माणसं निघाली. आपण कुणाच्या मागे जायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

इथपर्यंत सगळं वाचलेलं. आता जे लिहायला जड जातंय ते लिहिते.

कॉलेजच्या रस्त्यावर झेरॉक्सचं एक दुकान आहे. तिथले चाचा गेली कित्येक वर्षं आमच्या नोट्स, असाइनमेंट, जुने पेपर सगळं काढून देतात. सुट्टे नसले तर “उद्या दे बेटा” म्हणतात. त्या आठवड्यात आमच्या क्लासच्या ग्रुपवर एकाने मेसेज टाकला की ‘त्यांच्या’ दुकानात कुणी जायचं नाही. त्यावर वीसेक अंगठे पडले. मी अंगठा दिला नाही. पण ‘हे चूक आहे’ असंही लिहिलं नाही. मी शांतता राखली! आणि त्याहून वाईट म्हणजे, दुसऱ्या दिवशी मला जर्नलची झेरॉक्स हवी होती, तर मी पुढच्या दुकानात गेले. तिथे गर्दी होती आणि पानामागे पैसेही जास्त. तरी गेले. चाचांच्या दुकानावरून जाताना मी मान खाली घालून मोबाईलमध्ये बघत होते. त्यांनी मला पाहिलं असणार.

दहावीपर्यंत रोज असेंब्लीत मी शांतीची प्रार्थना म्हटली. बक्षीससुद्धा मिळालंय मला त्याच्या पाठांतराचं. आणि जेव्हा तिचा उपयोग करायची वेळ आली, तेव्हा एका मेसेजला उत्तर द्यायची हिंमत झाली नाही. सीमेवरच्या युद्धाचं माझ्या हातात काही नव्हतं. पण त्या पन्नास पावलांच्या रस्त्याचं होतं ना?

१० मेला संध्याकाळी शस्त्रसंधी झाली. ११ तारखेला पोप लिओ यांनी रोममधल्या प्रार्थनेच्या वेळी तिचं स्वागत केलं, आणि युक्रेन, गाझा यांच्याबरोबर आपलंही नाव घेतलं. भावाचा फोन आला. मामी रडली. मी सोमवारी चाचांच्या दुकानात गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण तोंडातून निघालं एवढंच, “चाचा, गेल्या आठवड्यात मी मुद्दामच दुसरीकडे गेले होते. चुकलं माझं.” ते मशीनचं झाकण उघडत म्हणाले, “मालूम है बेटा. कितनी कॉपी?” बस. त्यांनी मला माफ केलं की नाही, मला अजून नक्की माहीत नाही. विचारायचा हक्कही मला नाही.

ग्रुपवर मात्र मी त्या दिवशी लिहिलं. दोघांनी शिव्या दिल्या, एकीने पर्सनलवर ‘थँक्स’ पाठवलं, बाकी सगळे शांत.

श्रद्धा जगणं म्हणजे काय, तर माझ्या मते एवढंच, की आपल्याला पाठ असलेल्या गोष्टीची किंमत आपण एकदा तरी चुकवावी. आपल्या मराठीत याचं मोठं उदाहरण आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. उस्मानाबादला जानेवारी २०२० मध्ये झालेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, ते २५ जुलै २०२४ ला गेले. पण त्याच्या कितीतरी आधी, वसईची झाडं, विहिरी आणि शेती गिळायला निघालेल्यांच्या विरोधात ‘हरित वसई’च्या आंदोलनात ते लोकांबरोबर रस्त्यावर उतरले होते. त्यांना धमक्या आल्या. त्यांनी हातात दगड घेतला नाही, आणि चर्चमध्ये जाऊन गप्पही बसले नाहीत. थप्पड मारणाऱ्याला ‘का मारलंस’ विचारणं म्हणतात ते हेच.

आणि ही फक्त आमच्याच धर्माची मक्तेदारी आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. इथून आळ्याला जा. तिथे ज्ञानेश्वर माउलींच्या रेड्याची समाधी आहे. पैठणला त्या रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला आणि वळ माउलींच्या पाठीवर उठले, अशी कथा आहे. माझ्या रूममेटची आजी वारकरी आहे, ती मला ही गोष्ट सांगत होती तेव्हा मला चर्चमधला क्रूस आठवला. दुसऱ्याला मारलेला फटका आपल्याला लागणं! टीव्हीसमोर टाळ्या वाजवताना आपल्या पाठीवर वळ उठत नाही, हाच तर आपला प्रॉब्लेम आहे.

शेवटचा मुद्दा, आपल्या धंद्याचा. आपण सगळे उद्या इंजिनिअर होणार. ड्रोन, सेन्सर, रडार, कोडिंग, यातलं काहीतरी करणार. चर्च संरक्षणाच्या कामाला पाप म्हणत नाही हे वर सांगितलंच, आणि ज्या मशीनमुळे माझा भाऊ सुखरूप राहिला ते कुणा इंजिनिअरनेच बनवलंय हे मी विसरत नाही. पण ‘मी फक्त सर्किट बनवलं, पुढचं मला काय माहीत’ असं म्हणून चालणार नाही. ते चार चेक आपल्यालाही आहेत.

आणि दुसरा रस्ताही आहे, तोही आपल्या शेजारीच. दरवर्षी विज्ञान दिनाला आपण खोडदला जीएमआरटी बघायला जातो. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. सेल्फी काढतो, वडापाव खातो, परत येतो. पण रेडिओ खगोलशास्त्र वाढलं कुठून माहितीये? दुसऱ्या महायुद्धातल्या रडारमधून! युद्ध संपल्यावर इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या रडारवाल्यांनी तेच तंत्र आकाशाकडे वळवलं. ऑस्ट्रेलियातल्या अशाच एका जुन्या रडार प्रयोगशाळेत १९५३ मध्ये आपले गोविंद स्वरूप शिकायला गेले. तिथल्या वापरून झालेल्या सहा फुटी ३२ डिश भारताला भेट मिळाल्या, त्यातून १९६५ ला कल्याणला दुर्बीण उभी राहिली, आणि पुढे याच स्वरूप सरांनी खोडदची दुर्बीण उभारली. तलवारी मोडून नांगराचे फाळ करायचे, ही बायबलमधल्या यशया संदेष्ट्याची कल्पना मला लहानपणी निव्वळ स्वप्न वाटायची. नारायणगावच्या टोमॅटोच्या शेतांमध्ये ती प्रत्यक्ष उभी आहे, आणि आपण तिच्यासमोर सेल्फी काढतो!

आमच्या ग्रुपचा फायनल इयरचा प्रोजेक्ट ड्रोनचा आहे. विषयावरून आमची बरीच भांडणं झाली. दोघांना टार्गेट ट्रॅकिंग हवं होतं, मला आणि एकीला टोमॅटोवरचा करपा कॅमेऱ्याने ओळखायचा होता. शेवटी टोमॅटो जिंकला. माझ्या भाषणामुळे नव्हे हं, तर वादात पक्का असलेल्या त्या मित्राच्या वडिलांचा अख्खा प्लॉट करप्याने गेला म्हणून!

मित्रमैत्रिणींनो, मी कुणाला देशप्रेम शिकवत नाही आणि धर्मही शिकवत नाही. माझं मागणं छोटं आहे. पुन्हा कधी अशी रात्र आली (येऊ नये), तर टाळी वाजवण्याआधी एकदा आठवा की आपल्याच होस्टेलमध्ये एखादीचा भाऊ, एखाद्याचे वडील तिकडे आहेत. आलेली बातमी पुढे ढकलण्याआधी ती खरी आहे का ते बघा. आणि ग्रुपवर कुणी कुणाच्या दुकानावर, डब्यावर, नावावर घसरलं, तर कृपा करून शांतता राखू नका.

पाटी रीडिंग रूमपुरतीच आहे.

– तृतीय वर्ष, ई अँड टी.सी.